भंडारदऱ्याच्या धरणाभोवती ई-सायकलची गटसहल: आदल्या संध्याकाळपासून सायकली परत लावेपर्यंत

भंडारदऱ्याला ई-सायकलवर गट घेऊन जाणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा एकच असते. सायकली सकाळी पाहायच्या, बॅटरी हिरवी दिसली की निघायचं, आणि साम्रदच्या चढावर पंचवीस किलोची सायकल ढकलत बसायचं. ही सहल सकाळी सुरू होत नाही, आदल्या संध्याकाळी सुरू होते. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातल्या आकड्यावर उभा आहे.

लेख गट नेणाऱ्यांसाठी आहे: होमस्टेवाले, सायकल ग्रुपचे आयोजक, गावातले तरुण गाईड. पैसे भरून सहलीला येणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. आपला गाईड यातलं काय करतो आणि काय गाळतो, ते त्यांना लगेच कळेल.

१. आधी बॅटरी मोजा, मग रस्ता ठरवा

लोक उलटं करतात. आधी "पूर्ण फेरी मारू" ठरतं आणि मग त्यात बॅटरी बसवायची धडपड चालते.

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर, म्हणजेच तुमच्या टाकीतलं पेट्रोल. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे ३६०. ७.६५ ची बॅटरी असेल तर २७५, १४ ची असेल तर ५०४.

आता खर्च. साधारण ७० किलोचा माणूस, असिस्ट (पायडल मारताना मोटर देते ती मदत) पहिल्या-दुसऱ्या पातळीवर, स्वतः नीट पायडल मारतोय, रस्ता हलक्या चढउताराचा: किलोमीटरला ७ वॅट-अवर धरा. चढ सलग असेल तर १०. पाय न हलवता नुसत्या थ्रॉटलवर जाणारा १५ च्या पुढे जातो. ८५ किलोच्या वर वजन असलेल्या माणसाला या आकड्यांवर वीस टक्के वाढवा. वजन विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. सगळ्यांसमोर नको, नोंदणी करतानाच.

हे आकडे कुठून येतात, तेही पाहून ठेवा. माणूस आणि सायकल मिळून ११० किलो वजन १०० मीटर वर चढवायला ३० वॅट-अवर लागतात. मोटरमध्ये थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून बॅटरीतून ४० जातात. माणसाने अर्धा भार पायांनी उचलला तर हेच २० होतात. थ्रॉटलवर जाणारा आणि पायडल मारणारा यांच्यातला फरक एवढा सरळ आहे.

रस्त्याची ढोबळ अंतरं अशी. धरणाजवळच्या शेंडी गावाहून उत्तरेच्या काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर सुमारे २२ किलोमीटर. घाटघरहून साम्रदवरून रतनवाडी १२ ते १४, आणि हाच तुकडा सगळ्यात जास्त चढउताराचा. रतनवाडीहून कोलटेंभे, मुतखेल करत परत शेंडी सुमारे १८. फेरी पन्नासच्या थोडी वर जाते. थांबे आणि आत जाणारे फाटे धरले की आकडे बदलतात, म्हणून गट नेण्याआधी एकदा स्वतः फिरून आपल्याच मीटरवर मोजा.

यावरून निर्णय:

२७५ वॅट-अवर: शेंडी ते कोलटेंभे आणि परत. रतनवाडीपर्यंत जायचंच असेल तर जेवणाच्या वेळी चार्जिंग ठरवूनच जा.

३६० वॅट-अवर: शेंडी ते रतनवाडी आणि परत. ३६ किलोमीटरला सुमारे २५० लागतात, शंभराच्या आसपास शिल्लक राहते. पूर्ण फेरी या बॅटरीवर करू नका. २२ किलोमीटरचे १५४, पुढच्या तुकड्याचे १३०, परतीचे १२६, मिळून ४१०. टाकी ३६० ची आहे.

५०४ वॅट-अवर: पूर्ण फेरी जमते, सुमारे ९० शिल्लक ठेवून.

गटात मिसळ असेल, तर सगळ्यात लहान बॅटरी सगळ्या गटाचा रस्ता ठरवते. "तो आपला हळू येईल" हा उपाय नव्हे.

⚠ जुन्या बॅटरीवर छापलेला आकडा खरा धरू नका. दोन पावसाळे पाहिलेल्या बॅटरीतून पंधरा-वीस टक्के आधीच वजा करा.

२. मोसम, परवानगी, फोन

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ. जून ते सप्टेंबर नवख्यांचा गट नेऊ नका. धुकं, फरशी पुलावरून वाहणारं पाणी आणि शेवाळलेली डांबराची कड या तीन गोष्टी एकत्र येतात. ई-सायकल पावसाचे शिंतोडे सहन करते. पाण्यात बुडणं मात्र हब मोटर (चाकाच्या मध्यात बसवलेली मोटर) आणि कनेक्टर सहन करत नाहीत.

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी जी गर्दी उसळते, त्या दिवसांत रात्रीची सायकल सहल ठेवू नका. अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग असते आणि सायकलचे प्रखर दिवे काजव्यांना थेट त्रास देतात. तो परिसर त्या किड्यांचा आहे, हे आपल्या गटाला सांगणं आपलं काम.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाच्या नाक्यावर माणशी प्रवेश शुल्क असतं. सुट्टे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. रतनवाडी-साम्रद भागात रेंजचा भरवसा नाही. म्हणून जेवणाचा फोन, पिकअपवाल्याचा फोन, नाक्यावरची चौकशी, सगळं आदल्या दिवशी शेंडीतून उरकायचं. १०८ सगळ्यांना माहीत असतो, पण रेंज असलेली जवळची जागा कोणती, हे लीडला (गटाच्या पुढे चालणाऱ्या गाईडला) पाठ हवं. जवळचं मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे राजूरचं ग्रामीण रुग्णालय.

सायकलींबद्दल एक तपासणी: मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरला तुटणारा असेल तरच लायसन्स-नोंदणीची भानगड नसते. वेगमर्यादा काढून टाकलेली सायकल भाड्याने घेऊ नका.

३. आदली संध्याकाळ: चार्जिंग

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

नेहमीचा चार्जर २ अँपिअरचा असतो. १० अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी त्याला साडेपाच-सहा तास घेते, १४ ची सात-आठ तास. म्हणजे रात्री अकराला लावलेली बॅटरी सकाळी सहाला भरलेली असेलच असं नाही. त्यातून मधे वीज गेली तर नक्कीच नाही. चार्जिंग संध्याकाळी सहाला सुरू झालं पाहिजे. हाताशी मग अख्खी रात्र राहते.

एक चार्जर भिंतीतून सुमारे १०० वॅट घेतो. आठ चार्जर म्हणजे ८०० वॅट. घरातल्या साध्या प्लगला हे कागदावर झेपतं. प्रत्यक्षात आठही एका स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर लावले की बोर्डाची पिन तापून काळी पडते. दोन वेगळ्या खोल्यांतले दोन प्लग, प्रत्येकी चार. इन्व्हर्टरवर चार्जिंग लावू नका. तासा-दीड तासात इन्व्हर्टर बसतो आणि होमस्टेवाल्याचे दिवेही जातात.

क्रम असा: बॅटरी सायकलवरून काढा, आधी चार्जरची पिन बॅटरीला, मग चार्जर भिंतीला. काढताना उलट, आधी भिंतीकडचा. नाहीतर पिनेवर ठिणगी पडते आणि ती हळूहळू झिजते. बॅटरी फरशीवर ठेवा, गादीवर किंवा सतरंजीवर नाही. माणसं झोपतात त्या खोलीत आणि दाराच्या वाटेत नको. बॅटरी हाताला गरम लागत असेल किंवा भिजली असेल, तर चार्ज करू नका. गरम असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा. भिजली असेल तर पुसा, पिना पूर्ण कोरड्या होऊ द्या.

✔ झोपण्याआधी सगळ्या चार्जरचे दिवे पाहा. एखादा तासाभरातच हिरवा झाला असेल तर आनंद मानू नका. बहुतेक वेळा पिन सैल असते किंवा बॅटरीतला एखादा सेल गेलेला असतो.

✔ सकाळी मल्टिमीटरने मोजा. ३६ व्होल्टची भरलेली बॅटरी ४१.५ ते ४२ दाखवते. ४१ च्या खाली असेल तर ती बॅटरी लांबच्या फेरीला नाही. हा आकडा बॅटरीच्या नंबरासमोर वहीत लिहा.

४. सायकल तपासणी आणि सामानाची पिशवी

संध्याकाळी, उजेड असताना.

हवा: दोन ते सव्वादोन इंच रुंद टायरला पुढे ३५ ते ४०, मागे ४० ते ४५ पीएसआय. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. मागे जास्त, कारण बहुतेक सायकलींत मोटर मागच्या चाकात असते. बोटाने दाबून अंदाज घेऊ नका. ३० पीएसआयसुद्धा बोटाला टणक लागतं, आणि खड्ड्यात रिमच्या कडेला आपटून ट्यूब दोन ठिकाणी फाटते.

ब्रेक: लिव्हर पूर्ण दाबून मूठीला टेकत असेल तर केबल ओढून घ्या. पॅड एक मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर बदला. मग बॅटरी तेवढ्यापुरती बसवून मोटरचा कट-ऑफ तपासा: मागचं चाक उचला, असिस्ट चालू करून पायडल फिरवा, ब्रेक हलका दाबा. मोटर तत्क्षणी थांबली पाहिजे. दोन्ही लिव्हरने वेगवेगळं पाहा. हा स्विच बंद पडलेली सायकल उतारावर थांबायला नको तेवढं अंतर घेते. तिला घेऊन निघू नका.

मागच्या चाकाचे नट: घट्ट आहेत का, पाना लावून पाहा. मोटर चाक फिरवते तशी स्वतःच्या आसालाही उलट फिरवायचा जोर लावते. नट सैल असेल तर आस खाचेत फिरतो आणि केबल पिळून तुटते. तिथे दुरुस्ती होत नाही.

पिशवीत: त्या नटाला बसणारा पाना (बहुधा १८ मिलिमीटर), ॲलन की, प्रत्येक मापाच्या दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, दोन जादा ब्रेक पॅड, चेनची जोडकडी आणि चेनतोड, इन्सुलेशन टेप, दहा-बारा झिप टाय, मल्टिमीटर, प्लास्टिकच्या दोन मोठ्या पिशव्या. प्रथमोपचारात जखम धुवायला सलाइनची बाटली ठेवा. इथली पडझड खडीवरची असते आणि जखमेत माती बसते. ओआरएसची पाकिटं ठेवा.

⚠ मोटर असलेल्या चाकाचं पंक्चर काढायला चाक खोलू नका. सायकल आडवी टाका, टायरची एक बाजू रिमवरून उतरवा, ट्यूबचा भोक असलेला भाग तेवढा बाहेर ओढा आणि तिथेच ठिगळ लावा. काटा टायरमधून बोट फिरवून शोधा. तो तसाच राहिला तर दोन किलोमीटरवर पुन्हा बसावं लागतं. ट्यूब बदलावीच लागली तर मोटरच्या केबलच्या कनेक्टरवरचे बाण पाहा, सरळ ओढा, पिळू नका. आतल्या पिना केसासारख्या असतात.

५. वीस मिनिटांचा सराव

सगळे म्हणतात, "सायकल येते हो मला." ई-सायकल अजून आलेली नसते. सपाट, मोकळी जागा शोधा. धरणाच्या रस्त्यावर सराव नको.

१) असिस्ट बंद ठेवून बसवा. सीटची उंची लावा: टाच पायडलवर ठेवल्यावर पाय जवळपास सरळ.

२) कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, हे प्रत्येकाकडून बोलून घ्या. असिस्ट बंद असतानाच दहा मीटर जाऊन थांबायला लावा.

३) पहिली पातळी. एक गोष्ट इथे नीट समजावा: साध्या सेन्सरच्या सायकलीत पायडल अर्धा फेरा फिरल्यावर मोटर येते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. म्हणून सिग्नलला उभं असल्यासारखं एक पाय पायडलवर दाबून उभं राहायचं नाही. नकळत पायडल फिरलं की सायकल पुढे उडी घेते. थांबताना ब्रेकवर दोन बोटं कायम.

४) यू टर्न असिस्ट शून्य करून. पहिल्या दिवशी माणसं सगळ्यात जास्त इथेच पडतात.

५) चढाआधी गिअर हलका. हब मोटरला गिअरचा फायदा मिळत नाही, तो तुमच्या पायांना मिळतो. पाय जड गिअरमध्ये अडकले की वेग सात-आठवर येतो. त्या वेगाला मोटर बॅटरीतून भरपूर घेते आणि बरंचसं नुसत्या उष्णतेत घालवते. चढावर दहाच्या आसपास वेग टिकवायचा, पायडल हलकं आणि भरभर.

✔ सराव झाल्यावर ज्याला यू टर्न जमला नाही, त्याला गटातून काढा असं नाही. त्याला लीडच्या लगेच मागे ठेवा.

६. रस्त्यावर

आठ जणांमागे दोन गाईड: एक लीड, एक बॅकलीड. लीडच्या पुढे कुणी जायचं नाही, बॅकलीडच्या मागे कुणी राहायचं नाही. एका गाईडने आठ जण नेणं म्हणजे शेवटच्या तिघांना सोडून देणं. सपाटीवर दोन सायकलींत पाच-सहा मीटर, उतारावर पंधरा-वीस. फाट्यावर लीड आपल्या मागच्या माणसाला उभं करतो, आणि बॅकलीड आल्याशिवाय तो हलत नाही. रेंज नसलेल्या भागात हीच एक पद्धत चुकत नाही.

सकाळी सव्वासातला चाकं हलली पाहिजेत. पूर्ण फेरी करायची तर शेंडी-घाटघर-साम्रद-रतनवाडी-शेंडी या दिशेने. पाणी डाव्या हाताला राहतं. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे फोटोला थांबणारा माणूस रस्ता ओलांडत नाही. जलाशय जिथे पहिल्यांदा मोकळा दिसतो तिथे सगळे अचानक ब्रेक लावतात आणि मागचा पुढच्यावर जातो. लीडने त्या वळणाआधीच हात वर करावा आणि थांबा जाहीर करावा. थांबा असेल तर सायकली डांबराच्या पूर्ण बाहेर, असिस्ट बंद.

सकाळी या काठावर गुरं चरायला निघालेली असतात. घंटा वाजवू नका, म्हैस बिचकते. असिस्ट शून्य करा, पाय टेकवून गुराख्याकडे पाहा, तो हात करेल तसं जा. ई-सायकलचा आवाज येत नसल्यामुळे पाठमोऱ्या माणसाला ती कळत नाही. डोक्यावर भारा असलेली बाई अचानक वळली तर दोघांनाही लागेल. दुरूनच "मावशी, सायकल येतीये" असा आवाज द्या.

घाटघर, साडेनऊच्या सुमारास: इथे निर्णय. सायकली दोन मिनिटं स्थिर ठेवा, मगच पडद्यावरचे व्होल्ट पाहा. चढ चढताना व्होल्ट खाली दबलेले असतात आणि उगाच घाबरवतात. उतारावर वर येतात आणि फसवतात. १४ च्या बॅटरीत इथे सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३९ व्होल्ट, शिल्लक हवेत. ३८ च्या खाली असलेला माणूस साम्रदकडे जाणार नाही. तो बॅकलीडबरोबर आल्या वाटेने परत, कारण त्या वाटेला पुरेल एवढं त्याच्याकडे अजून आहे. गटात तिसरा गाईड किंवा पिकअप नसेल, तर सगळा गट परततो. कोकणकड्यावर सगळ्यांना कठड्याच्या आतच ठेवा, तिथे वारा माणसाचा तोल घालवतो.

उतार: ब्रेक दाबून धरून उतरू नका. दोन्ही ब्रेक एकदम, तीन-चार सेकंद घट्ट, मग सोडा. धरून ठेवलेल्या ब्रेकची डिस्क तापते, पॅड गुळगुळीत होतं आणि लिव्हर दाबूनही वेग कमी होत नाही. सायकलचंच वजन पंचवीस किलो आहे, साध्या सायकलची सवय इथे कामाची नाही. खाली आल्यावर डिस्कला हात लावू नका, पाणीही ओतू नका.

रतनवाडी: जेवण आदल्या संध्याकाळी सांगितलेलं असेल तर बाराला तयार मिळतं. भाकरी, पिठलं, ठेचा, भात. ऐनवेळी सांगितलं तर चूल पेटण्यापासून दीड तास. पोचल्याबरोबर बॅटऱ्या काढून सावलीत ठेवा. अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर, ज्यांना गरज आहे त्यांच्याच लावा. विजेचे पैसे जेवणाच्या हिशेबात धरून द्या, विचारायची वाट पाहू नका. तासाभराच्या चार्जिंगमधून सत्तरच्या आसपास वॅट-अवर, म्हणजे दहाएक किलोमीटर मिळतात. तेवढ्यात अमृतेश्वराचं मंदिर निवांत पाहून होतं.

⚠ जलाशयात पोहायला कुणालाही उतरू देऊ नका. काठाचा गाळ दिसायला घट्ट असतो, पाय पडला की गुडघाभर जातो आणि पुढे खोली एकदम वाढते. पाणी कमी असलेल्या महिन्यांत हे जास्त घडतं.

परतीला निघताना माणसं सुस्तावलेली असतात आणि असिस्ट आपोआप चौथ्या पातळीवर जातो. लीडने वेग ताशी पंधराला बांधावा, म्हणजे वरच्या पातळीचा उपयोगच राहत नाही. साडेचारपर्यंत शेंडी. हिवाळ्यात सहाला अंधार पडायला लागतो, हातात दीड तास शिल्लक असला पाहिजे. एक पंक्चर आणि एक थकलेला माणूस त्यातच बसतात.

बॅटरी मधेच संपली तर: सायकल बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. पहिल्या पातळीवर सपाटीचे एक-दोन किलोमीटर अनेकदा मिळतात. हे वारंवार करू नका, सेल खराब होतात. चढ असेल तर धडधाकट माणसाशी सायकल बदला आणि त्याला बंद सायकल चालवू द्या. दोरीने ओढणं नाही.

७. परत आल्यावर

माणसं चहाला गेली की गाईडचं अर्धा तासाचं काम उरतं, आणि पुढच्या गटाची सहल त्यावर ठरते.

बॅटऱ्या काढा, व्होल्ट मोजा, सकाळच्या आकड्याशेजारी लिहा. सायकल ओल्या फडक्याने पुसा. प्रेशरचं पाणी मारू नका, ते मोटरच्या सीलमधून आत जातं. चेन कोरडी करून तेलाचे थेंब. नट पुन्हा पाना लावून पाहा.

उद्या गट नसेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, पूर्ण रिकामी तर नाहीच. पन्नास-साठ टक्के, सावलीत, महिन्यातून एकदा तपासून. पावसाळ्याचे चार महिने सायकली बंद राहणार असतील तर हे फार महत्त्वाचं. जूनमध्ये रिकाम्या ठेवलेल्या बॅटऱ्या ऑक्टोबरात चार्जच घेत नाहीत.

वहीतले दोन आकडे चार-पाच सहलींनंतर एकाखाली एक वाचा. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाच्या माणसाबरोबर, एखादी बॅटरी दर वेळी थोडी जास्त खाली येताना दिसली की तिला लांबच्या फेरीतून काढा आणि कोलटेंभेच्या गटाला द्या.